नंदाची राखी

२८ ऑगस्ट २००७, मंगळवार
राखी. दरवर्षीप्रमाणे हेडमास्तर फादर ऑफिसच्या दारात हात पुढे करून उभे, आम्ही सगळ्या टीचर रांगेत. पार कोपरापर्यंत राख्या. पांढरा झगा आणि त्यावर ही चमकीची फुलं. वसईला त्यांच्या आईने पाहिलं तर म्हणेल, पोराची वरात काढलीत. शाळेत लागल्यापासून मी बांधतेय. माझ्याहून मोठे, तरी तेव्हापासून मला ताईच म्हणतात.
नंदाची शाळेतली पहिलीच राखी. (केजीवर लागली ती गेल्या दिवाळीनंतर. मीच लावली.) बाईसाहेब रांगेत आल्याच नाहीत. "वहिनी, डोकं दुखतंय." मग रांग पांगल्यावर तिची राखीही मीच घेऊन गेले, म्हटलं नणंदेच्या वतीने बांधते. फादरनी हात मागे घेतला. "तिची राहू दे, ताई." टेबलावर ठेवून आले. हात दुखला असेल, इतक्या बायकांनी गाठी मारल्यावर.
सासूबाई खाडीत नारळ सोडून आल्या. नारळीभात बरा झाला. लाइट नाहीच.

६ सप्टें.
नंदाने कल्याणचं स्थळ नाकारलं. मुलगा शिकलेला, स्वतःचं गोदाम. कारण काय? "नाही आवडला." हे चिडले, जेवले नाहीत. सासूबाई माझ्यावर घसरल्या, "तुज्या शालंत जाऊन शेफारली पोरगी." मी म्हटलं, आई, फादरच्या शाळेत आहे, तुमच्या पदराखाली असल्यासारखीच आहे.

११ सप्टें., मंगळ
नीट लिहिता येत नाहीये.
मधल्या सुट्टीत फादरनी बोलावलं. "ताई, बसा. मी झगा उतरवतोय." मला वाटलं, बदली झाली. "बदली नाही. लग्न करायचं ठरवलंय." मी हसले. खरंच हसले, तोंडावर. मग विचारलं, कोणाशी. म्हणाले, "तुमच्या नंदाशी."
ड्रॉवरमधून ती राखी काढून समोर ठेवली. पिशवीसुद्धा फोडलेली नाही. "ही परत न्या. ही मला बांधून घेता आली नाही, तेव्हाच माझं मला कळलं."
पुढे बरंच बोलले. बिशपना सांगितलंय. रोमला, पोपकडे अर्ज जाईल. तिथून शपथेतून मोकळीक मिळेपर्यंत लग्न नाही, ती वर्षभरात मिळेल किंवा कधीच नाही. मला अर्धं कळलं नाही. वर्गात आले आणि आठवी ब-च्या निबंधांवर बरोबरच्या खुणा करत सुटले. एकही वाचला नाही.
फादर! आमचे फादर!

१२ सप्टें.
रिक्षात नंदाला धरलं.
"ते लग्न करू शकत नाहीत, एवढंही माहीत नव्हतं तुला?"
"होतं ना वहिनी. त्यांनाही होतं."
"झालंय काय काय?"
"काही नाही. त्यांनी माझा हातसुद्धा धरलेला नाही." आणि रडायला लागली. मला थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. पुढे कंटेनरचा ट्रेलर आडवा, रिक्षा तिथेच अडकली.

१३ सप्टें.
नंदाने घरात सांगून टाकलं. मला न विचारता! यांचा आवाज गल्लीभर. "नोकरी देणारा माणूस, त्याला लाज नाही वाटली?" ह्यात यांचं काय चुकलं? मलाही तेच वाटतंय. नंदा म्हणाली, लग्नाचं विचारलं मी, त्यांनी नाही.
सासूबाई तांदूळ निवडत होत्या. शेवटपर्यंत निवडत राहिल्या.

१४ सप्टें.
फादर शाळा सोडून गेले. नोटीस बोर्डावर "प्रकृतीच्या कारणास्तव". स्टाफरूममध्ये सगळ्यांना सगळं माहीत. पाटील सर म्हणाले, "त्यांच्यातल्या दुसऱ्या पंथात पाद्री लग्न करतात, मुलंबाळं असतात. ह्यांनाही परवानगी द्यायला हवी. माणूसच आहे ना तो?" परेरा टीचर एरवी तोंड उघडत नाही. आज डबा आपटला. "शपथ घेतली होती देवासमोर. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी पण घेतली, लग्नात. माझा नवरा रोज पिऊन येतो, मी सोडला काय त्याला? मी पाळायची आणि फादरने मोडायची?"
पाटील सर चहा प्यायला बाहेर गेले. मी तिला पाणी दिलं. तिचा तर फादर गेला ना, माझ्यासारखा नुसता हेडमास्तर नव्हे.

१५ सप्टें., गणपती
गणपती बसले. घरात सुतक असल्यासारखं. गुरुजी म्हणाले, वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा. लावला. यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मागून आई, दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडून, "आपल्या पूजंला बाय लागते. तिनं हात लावल्याबिगर पूजा पुरी होत न्हाय. मंग यांच्या देवाला बायचं एवढं वावडं कशापायी?"
गुरुजींनी मंत्र मोठ्याने सुरू केले.

२३ सप्टें.
झोप उडालीय ती नंदामुळे नाही. हे फक्त इथेच लिहितेय.
दुसऱ्यांदा पोट पडलं, त्या वर्षी हे घर कायमचं सोडून निघायचं ठरवलं होतं मी. बॅग भरली होती. एका माणसाला सांगितलं, फादरना. माझ्या आईला नाही, यांना तर नाहीच. त्यांना का? कारण ते कोणाचेच नव्हते. ना बायको, ना सासर, गोष्ट जाणार कुठे? आणि आता तोच माणूस जावई म्हणून यांच्या शेजारी पाटावर बसणार. मी वाढणार.
म्हणून त्यांनी लग्न करू नये, एवढंच माझं मत. कुठल्या धर्माचं नाही, माझं. त्या परेरापेक्षा मी स्वार्थी.

७ ऑक्टो.
वसईला फोन केला. फादर तिथे बहिणीकडे राहतात. त्यांच्या आईने बोलणं टाकलंय. तिने देवाला दिलेला मुलगा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची. आता मागे बसते.
शेवटी विचारलंच. "मी तेव्हा सांगितलेलं..." 
"ते फादरने ऐकलंय, ताई. माझ्याकडे नाही ते."
फोन ठेवल्यावर बरं वाटलं. मग वाटलं, शब्दच आहे हा पण, त्या शपथेसारखा.

२८ ऑक्टो.
नंदा वाळलीय. शाळा सोडायला लावली यांनी. रोमहून काही नाही. यांना वाटतंय, येणारच नाही, पोरगी कंटाळून कल्याणला हो म्हणेल. मलाही कधी कधी तसंच व्हावंसं वाटतं. वाटतं खरं.

११ नोव्हें., भाऊबीज
दुपारी सासूबाईंनी मागच्या पडवीत बोलावलं. आम्ही दोघीच.
"मना खरं सांग. शालंतल्या समद्या बाया त्याला राखी बांधतात म्हनं. नंदीनं बांधली का न्हाय? बांधली असंल तर इषय संपला. भावाला पोरगी देतात काय कुठं?"
नंदाला विचारून उपयोग नव्हता, ती नाहीच म्हणणार. शाळेत सगळ्यांना वाटतं, तिच्या वतीने मी बांधली. खरं मला ठाऊक. एक 'हो' म्हटलं असतं की सगळं मिटत होतं, माझंही. जिभेवर आलं होतं.
कपाटातून राखी आणून पुढ्यात ठेवली. पिशवीसकट. म्हटलं, ही तिची. त्यांनी बांधून घेतली नाही.
आईंनी पिशवी उलटीसुलटी करून बघितली. बराच वेळ.
"आन तुजी?"
"माझी बांधली. दरवर्षी बांधते."
"मंग तुजा भाव झाला त्यो. भावाला नणंद द्यायची, साटंलोटं. आपल्यात हाय तसं." थट्टा नव्हती. "पोराला मी बघन काय ते. रोमवाल्यांचं रोमवाले बघतील. पन पोरगी माजी हाय. तू भैन हायेस त्याची, तुलाच इचारनार. शब्दाचा पक्का हाय का त्यो?"
परेराचा डबा आठवला. वसईची ती मागच्या बाकावरची बाई आठवली. आणि माझी ती गोष्ट, इतकी वर्षं जी कुठेही गेली नाही, तीही.
"सांगते," म्हटलं.
"सांग. मना घाई न्हाय."
राखी त्यांनी कनवटीला लावली आणि ओवाळणीचं ताट घासायला घेतलं. मी अजून काहीच सांगितलेलं नाही.