पंचफुलेचा आवाज

नंदनवन, नागपूर
९ ऑगस्ट १९८७

ती. दादास,

पुष्पाचा नमस्कार. इकडे सारे ठीक, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तब्येती तर ठीकच आहेत. भिलाईला पाऊस कसा आहे? वहिनी बऱ्या? चिंगी आता बोलायला लागली असेल.

सकाळपासून मी पत्राला बसते आणि उठते आहे. कपडे वाळत घातले, आभाळ आलं म्हणून काढले, ऊन पडलं म्हणून पुन्हा घातले. आई म्हणाली, "काहून अशी घिरट्या घालून राहिली वं? बस ना एका जागी." बसले. आता लिहिते.

शाळेत मला यंदा पाचवी दिली आहे. तुझा टीव्ही सुरू आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर मात्र म्हशीसारखा हुंकारतो. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, जपानी माल आहे, याला आपली हवा मानवत नाही." मी म्हटलं, तीन वर्षं मानवली की. तू जपानच्या ट्रेनिंगहून येताना सगळे टेपरेकॉर्डर आणतात तसं न करता टीव्ही, व्हिडिओ आणि त्या कॅसेटी वाहून आणल्यास, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले होते. "त्या कॅसेटी आपल्या टीव्हीवर लागत नाहीत" हे तू साऱ्या गल्लीला समजावत होतास. आता तीच गल्ली रविवारी दुपारी जेवणं आटोपून आपल्या बैठकीत हजर असते. प्रेमिलाताई मुलांना घेऊन येतात, रुपरावही येतात, आणि "आम्ही बायकोला सोडायला आलो" म्हणत शेवटपर्यंत बसतात.

तुझ्या तिकडच्या घरमालकिणीने टीव्हीवरून भरून दिलेलं ते कार्टून अजून तेच, तेवढंच. शेवयांचे गरम वाडगे हातावर रचून सायकल चालवणारा तो धांदरट पोरगा, आणि छत्र्या दुरुस्त करणारी ती तिखट पोरगी. तो दर वेळी स्वतःची छत्री स्वतःच मोडून तिच्या दुकानात जातो. मनातलं सांगायला तोंड उघडतो, आणि नेमकं काहीतरी होतं. मांजर वाडगा सांडते, नाहीतर तिचा बाप येतो. आमच्यापैकी कुणाला जपानीचा एक शब्द कळत नाही, तरी कुठे हसायचं ते प्रेमिलाताईंच्या धाकट्यालाही पाठ आहे. पोराचं नाव आम्ही सायकलराव ठेवलंय हे तुला ठाऊक आहेच. पोरगी पंचफुला.

आता नवीन म्हणजे, आवाज बंद करून संवाद आम्हीच म्हणतो. पंचफुलेचे आई म्हणते. बाबा गेल्यापासून तू तिला इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नसशील. सायकलरावाचे समोरचे वामनराव म्हणतात. रेल्वेत गार्ड होते ना, आवाज खणखणीत आहे.

"बाई, छत्री मोडली जी."

"मोडली का मोडून आणली? खरं सांगा!"

"वारा होता."

"वारा काय तुमच्याच घरी येते काय?"

हसून हसून पोट दुखतं. मागच्या रविवारी वामनराव एका ठिकाणी चुकले, तेवढ्यात लाईट गेली. बाकी विशेष काही नाही.

कॅसेटीत शेवटचे भाग नाहीत. तू तिकडे पाहिला होतास का शेवट? तो कधी बोलतो का? आई विचारत होती. म्हणजे सगळेच विचारतात.

रामाजीकाका गावाहून आले होते. मुक्काम न करता गेले. त्यांनी तुला काही लिहिलं तर मला कळव. मला पाहून गेलेल्या वर्ध्याच्या मंडळींकडून अजून निरोप नाही. येईल.

तुझी,
पुष्पा


नंदनवन, नागपूर
२५ ऑक्टोबर १९८७

दादा,

दिवाळीला तू येशील असं वाटलं होतं. तू आला नाहीस, कार्ड आलं. "आईला हे शोभतं का, तिला विचार." एवढंच. उघड्या कार्डावर लिहिलंस, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलं. मी ते आईला दाखवलं नाही. पण पोस्टमनने ते तिच्याच हातात दिलं होतं.

काकांनी तुला काय कळवलं ते मला माहीत नाही. तू माझ्याकडून ऐक. मागच्या पत्रात मी आडवळणं घेतली, आज घेत नाही.

त्या रविवारी लाईट गेली नव्हती. बटन मी बंद केलं होतं.

तुला तो भाग आठवत असेल. संध्याकाळ झालेली, दुकान बंद होतंय, पोरगा मोडकी छत्री घेऊन उभा आहे आणि कुणीच बोलत नाही. तिथे वामनराव दर वेळी म्हणायचे, "पंचफुलाबाई, छत्री वाऱ्यानं नाही मोडली, म्याच मोडली." आणि आई म्हणायची, "मले काय माहीत नाही?" त्या दिवशी ते उगाच थांबले. मग म्हणाले, "भागीरथाबाई, आता निमित्त पुरं झालं. तुमच्या घरून उठून माह्या घरी जाववत नाही मले."

पंचफुलाबाई नाही. भागीरथाबाई.

खोलीत सगळे होते. रुपरावांचा हात चिवड्याच्या ताटलीत तसाच राहिला. दर संवादाला ताडकन उत्तर देणारी आई काहीच बोलली नाही, आणि रागावलीही नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते मला पाहवलं नाही, म्हणून बटन बंद केलं.

पुढचं सगळं भराभर झालं. बातमी गावी गेली, काकांनी तुला लिहिलं, आणि वर्ध्यालाही ती कुणीतरी पोचवली. मध्यस्थ घरी आले. चहा प्यायले नाहीत. म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण पोरीच्या आधी मायच बोहल्यावर चढायची म्हणता, तर आमच्या लोकांना कसं सांगावं?" मी आतल्या खोलीत होते, आई बाहेर. तिने ते उभ्याने ऐकलं.

मी तिच्याशी बोलणं टाकलं, दादा. शाळेतून यायचं, वाढलेलं जेवायचं, वह्या तपासायच्या. तिनेही विचारलं नाही. एक दिवस तिने टीव्हीवर चादर टाकली आणि वामनरावांना दारातच सांगितलं, "येऊ नका आता. पोरीचं लग्न व्हायचं आहे." ते बरं म्हणाले आणि गेले. रविवारी गल्लीतली मुलं आली, चादर पाहून परत गेली. आई निवडलेली डाळ पुन्हा निवडायला बसली. तिला मी म्हटलं, रडायचं तर रड. म्हणाली, "काहून रडू? मले काय झालं?"

मला घरात धड बसवेना, बाहेर धड जाववेना. बाजारात जायचं म्हणून निघायचे आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे. लोक बघतात असं वाटायचं. बघतही असतील.

दसऱ्याला आई नवं लुगडं नेसून सोनं द्यायला निघाली. साऱ्या गल्लीत गेली. समोरचं दार तेवढं टाळून परत आली. हातात आपट्याची काही पानं उरली होती. ती तिने देवापुढे ठेवली नाहीत आणि टाकलीही नाहीत. पाटावर बसून राहिली मुठीत धरून. समोरच्या घराचं दार सकाळपासून उघडं होतं. वामनराव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसले होते, आणि आल्यागेल्याला आत या म्हणत होते, पण नजर आपल्या दाराकडे.

मी तिची मूठ सोडवली. "आण इकडं," म्हटलं, आणि रस्ता ओलांडून गेले. वामनराव उठून उभे राहिले. मी पानं त्यांच्या हातात दिली. "आईनं दिलं." तो खणखणीत आवाजाचा माणूस, दादा, नुसती मान हलवत राहिला.

परत आले तर आई दारात.

"मले इचारलं होतं काय वं?"

"नाही."

"मंग?"

"आता विचारते. तुले पाहिजे का नाही?"

आईने खाली उंबऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाहिजे." इतकं हळू, की मी पुन्हा विचारणार होते. "पण तुह्या लग्नाचं?"

"वर्ध्याचं मोडलं ते मोडलं. जिथं तुह्या हसण्याचा बट्टा लागते, त्या घरी मी काय करू?"

मग ती बसली आणि बोलायला लागली. "माह्या मोठ्या मावशीनं नवरा गेल्यावर पाट लावला होता. सारं गाव जेवून गेलं. तवा कोणी शिकेल नव्हतं, म्हणून कोणाले लाज वाटली नाही. आता तुम्ही साहेब झाले, बाई झाले, तर मले लपावं लागते." याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

बाबांचं तू मनात आणशील. मीही आणलं होतं. तेही बोलली. "तुह्या बाबाचं सारं केलं म्या. हागणं-मुतणं काढलं. त्यात काही कमी ठेवली असंन तर सांग." कमी ठेवली नव्हती. तू होतास, तूही पाहिलंस.

कचेरीत लग्नाची नोटीस दिली आहे. ती महिनाभर तिथे लावतात. ११ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता. वामनरावांची मुलगी सुमती अमरावतीहून येणार आहे. तिने वडिलांना लिहिलं, "बाबा, आई गेल्यापासून एकटे होता, फार बरं केलं." तुझ्याकडून तसंच यावं अशी माझी जबरदस्ती नाही. पण तू ये.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. वर्ध्याचं मला काही वाटलं नाही असं मी आईला भासवलं आहे. तो मुलगा मला आवडला होता. पाहायला आला तेव्हा त्याने माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल विचारलं होतं, बाकीच्यांसारखं पगाराबद्दल नाही. हे आईला कधी कळू देऊ नकोस. नाहीतर ती पुन्हा चादर टाकेल.

वाट पाहते.

पुष्पा


नंदनवन, नागपूर
१३ डिसेंबर १९८७

दादा,

तू आला होतास.

लपवू नकोस. वहिनींनी विणलेला तो तपकिरी स्वेटर मी लांबूनही ओळखते. कचेरीसमोर कडुनिंबाखाली संत्र्यांची हातगाडी होती, तिच्या आडोशाने तू उभा होतास. अर्धा पाठमोरा, जसा काही संत्रीच घ्यायला आलास.

आत सगळं लवकर झालं. साहेबांनी नावं विचारली, वयं विचारली. आईने वय सांगताना इकडेतिकडे पाहिलं नाही. रुपराव, प्रेमिलाताई आणि सुमती साक्षीला होते. सुमतीने आईला गजरा माळायला आणला होता. आई नको नको म्हणाली, आणि मग मान वळवून दिली. वामनरावांच्या हातून सही करताना शाई सांडली, प्रेमिलाताईंनी पदराने पुसली. कुणीतरी पेढे वाटले. झालं.

बाहेर पायऱ्यांवर आलो आणि मला तू दिसलास. मी हाक मारणार, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

"बोलावू नको."

"अवं, दादा आहे तो!"

"दिसते मले. येवढ्या दुरून आला. पाहू दे त्याले."

ती तिथेच थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला, गजरा नीट केला आणि तोंड तुझ्या बाजूला केलं. वामनरावांना काही कळेना. "काय झालं?" म्हणाले. "काही नाही. थांबा जरा." मग त्यांनाही तू दिसलास. ते एक पायरी मागे सरकले, तिला एकटीला उभं राहू दिलं. कचेरीत जाणारे-येणारे लोक आम्हाला वळसा घालून जात होते, एक शिपाई बाजूला व्हा म्हणाला, पण ती हलली नाही. नुसती उभी होती, दादा. फोटो काढायला उभं राहतात तशी. तुला मनात काय-काय दिसत होतं मला ठाऊक नाही, पण तुझी आई तुला नीट दिसावी एवढंच तिला हवं होतं.

तू चष्मा काढून पुसलास. मध्ये एक ट्रक आला. तो गेला तेव्हा तू नव्हतास.

आई पायऱ्या उतरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आला ना. बास." मी मात्र वाटेभर मागे वळून बघत होते. वाटलं, रिक्षा फिरवावी आणि स्टेशनवर जावं. अजूनही तसंच वाटतंय. परवापासून कुठे बसवत नाही मला.

आज रविवार. टीव्ही समोरच्या घरी नेला. रुपराव आणि वामनरावांनी उचलला, पोरं मागून वायरी धरून, जशी काही वरात. दुपारी सगळी गल्ली बसली. आई आधी बोलेना. प्रेमिलाताईंचा धाकटा म्हणाला, "आजी, पंचफुला मुकी झाली काय?" तेव्हा बोलली. हळूहळू आवाज चढला. मी मधेच उठून आपल्या घरी आले, तर इकडच्या स्वयंपाकघरापर्यंत तिचा आवाज येत होता. पोळ्यांचा तवा चढवून मी कट्ट्याशी ऐकत उभी राहिले. या घरात आता मी एकटीच. रात्रीचं जेवण समोर करायचं ठरलंय, पण मी म्हटलं, माझी चूल मी पेटवीन. तेवढं मला हवंय.

वर्ध्याचं काही नाही. दुसरीकडून एक विचारणा आली आहे. त्यांना मी सगळं आधीच सांगणार आहे, बाकीचं त्यांनी ठरवावं.

आई म्हणते, तुला काही लिहू नको, तो आला, झालं. तुझी ती वाटही पाहत नाही म्हणते. तरी सकाळी पीठ मळताना तिने मला विचारलं, "वाळला का वं तो?" मी नाही म्हणाले. पण तू वाळला आहेस, दादा. गालफडं बसली आहेत.

बाकी काही मागत नाही. काकांशी भांडू नकोस, कुणाला पटवून देऊ नकोस. आईला पत्र पाठवायचं असेल तर घर क्रमांक तेवढा बदल, समोरचा.

आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा रस्ता ओलांड.

तुझी बहीण,
पुष्पा