दुसरं आमेन

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू मला ब्लॉक केलंयस, भाऊजींनी पण केलंय, मग पोस्टाशिवाय रस्ता कुठला उरला. शहाड स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा लाइनीत लावलीय, पुढे भरपूर गाड्या आहेत, ऊन मरणाचं आहे आणि मी मागच्या सीटवर पॅसेंजरसारखा बसून लिहितोय. अक्षर तसंच आहे, कोंबडीच्या पायाचं. शाळेत निबंधाला एवढा घाम गाळला असता तर दहावीला पहिल्या झटक्यात सुटलो असतो.

आधी त्या फोनचा विषय मिटवतो. हो, लोंढे पाळकांच्या आवाजात भाऊजींना फोन मीच केलेला. पण मी एवढंच म्हणालेलो, महेंद्र, सलाम, मी लोंढे पाळक बोलतोय, जेवलास का. पुढचा सगळा तमाशा भाऊजींनी केला. लोंढे पाळक तर कधीच देवाघरी गेलेले, त्यात तुमची ती प्रार्थनेची फेलोशिप जमलेली, भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांनी मिळून माझ्यातला आत्मा काढायला घेतला. शेवटी मीच म्हणालो, भाऊजी, आत्म्याची बॅटरी संपत आली, ठेवतो आता. तेव्हा तुझी ट्यूब पेटली. चिडणारच तू. पण त्या आवाजाची तेव्हा मजा वाटायची. आता तोच आवाज रोज काढतो आणि घसा बसलाय. ते पुढे सांगतो.

आपल्या देवळाची, तुमच्या भाषेत चर्चची, खबर ऐक. कंपनी बंद झाल्यापासून गळती चालूच आहे. आजोबा बीडकडनं येऊन इथे कंपनीत लागले, तेव्हा म्हणे रविवारी आत जागा नसायची, सतरंज्या अंगणात टाकायला लागायच्या. आता पंखे जास्त आणि माणसं कमी. नवीन पाळक तरुण आहे, बरा आहे, पण तीन गावच्या मंडळ्या एकटा सांभाळतो. आपल्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, प्रभुभोजन देतो आणि चपला घालता घालता पुढच्या गावाचा फोन उचलतो. बिचाऱ्याचं बाईकवरच आयुष्य चाललंय. रविवारच्या शब्बाथ शाळेत तीन पोरं आहेत, त्यातली दोन शेजारच्या आगऱ्यांची, बिस्किटासाठी येतात. पाळक नसेल त्या रविवारी पंचांनी उपासना चालवायची. पंच म्हणजे पप्पा. म्हणजे पप्पा होते.

गेल्या उन्हाळ्यात एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमतच वाटली. पप्पा वेदीसमोर उभे राहिले, हात वर केले आणि सुरुवातीलाच शेवटचा आशीर्वाद दिला. अजून पहिलं गीत पण झालेलं नव्हतं. आणि आपली मंडळी कशी, तू ओळखतेस. आशीर्वाद कानावर पडला की पाठ आपोआप ताठ. सगळे उठले. पुरुषांच्या बाजूने पहिलं आमेन, बायकांच्या बाजूने शीलामावशीने दुसरं, मग सगळ्यांनी मिळून तिसरं. झालं. सलाम सलाम करत माणसं बाहेर. शीलामावशी गेटपाशी म्हणते, अगं बाई, आज लवकर सुटली, माझे वाटाणे पण भिजले नसतील. प्रवचन कुठे गेलं, दानाची थाळी कुठे गेली, कोणाला विचारावंसं वाटलं नाही. तीन आमेन झाली म्हणजे उपासना संपली, जन्मापासून तेच शिकलोय सगळे.

मग बाहेर डोकी चालायला लागली आणि कोणीतरी म्हणालं, हे सर्वेशचंच काम, कार्ट्याने कागद उलटे लावले असणार. मी आत गेलो. पप्पा तिथेच उभे होते, हातात कागद. कागद बरोबर लावलेले होते, ताई. ते माझ्याकडे बघत होते, पाठांतर विसरलेलं पोर बाईंकडे बघतं तसे. मी बाहेर आलो आणि म्हणालो, हो, मीच केलं. जाम बोलणी खाल्ली. मावशीने सगळ्यांसमोर कान पिळला. आयुष्यात पहिल्यांदा न केलेल्या खोडीचा मार खाल्ला आणि खरं सांगू, बरं वाटलं. पुढे बरेच दिवस तसंच चालवलं. शास्त्रपाठ दोनदा वाचला गेला, तर म्हणे सर्वेशने मध्येच फोन वाजवला. थाळी फिरवायची राहिली, सर्वेशने लपवलेली. माझं नाव एवढं खराब की काहीही खपायचं. मग एक दिवस घरात जेवता जेवता पप्पांनी मला विचारलं, तुम्ही कोणाच्या घरचे? त्याला कुठली खोडी जोडणार.

कल्याणच्या डॉक्टरने फोटो काढले डोक्याचे. म्हणाला, हे आता उतरणीलाच लागणार. गोळ्या दिल्यात. मी तुला तेव्हाच कळवायला पाहिजे होतं म्हणशील. शीलामावशीच्या फोनवरून लावलेला मी. तू माझा आवाज ऐकून कट केलास. तुझी पण चूक नाही, तुला वाटलं परत लोंढे पाळक.

आता पप्पांना रोज रविवार असतो. आंघोळ झाली की पांढरा शर्ट, वरचं बटण लावून, कॉटवर ताठ बसतात. घंटा झाली का, विचारतात. मी ताटावर पळी वाजवतो. मग पाळक आले का, विचारतात. पाळक येईपर्यंत चहा नाही, पोळी नाही, साखरेची गोळी पण नाही. उपासनेआधी तोंडात काही घालायचं नाही, हे एवढं पक्कं बसलंय. पहिले काही दिवस मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. एका सकाळी डोकं इतकं फिरलं की दारातूनच लोंढे पाळकांच्या आवाजात म्हणालो, कसबे, सलाम, मंडळी जमली का. वैतागून म्हणालो गं, चेष्टा पण नव्हती ती. पप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, या पाळकसाहेब, सगळे तुमचीच वाट बघतायत. खोलीत मी आणि पंखा.

तेव्हापासून मी रोज सकाळी पाळक. मम्मीची शाल खांद्यावर टाकतो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. मी म्हणतो, प्रभू तुम्हांबरोबर असो, की पप्पा लगेच उत्तर देतात. ज्या माणसाला पोराचं नाव येत नाही त्याला पापाची कबुली येते, स्तोत्रं येतात, मी एखादं वाक्य गाळलं तर थांबवतात, म्हणतात, पाळकसाहेब, एक राहिलं. तू जाताना म्हणालेलीस ना, की आपली उपासना म्हणजे मेलेली पोपटपंची आहे. खरं असेल. पण पप्पांचं बाकी सगळं उडालं, पोपट तेवढा राहिलाय.

सुरुवातीला मी प्रवचनात भंकस करायचो. पत्रीपुलाचं ट्रॅफिक सांगायचो, रिक्षा युनियनची भांडणं सांगायचो, पप्पा मान डोलवायचे. आता तेवढा पण जोर नाही. दोन वाक्यं बोलतो आणि पुढच्या प्रार्थनेला जातो. मी धंद्यावर निघालो की शेजारची तुळसाकाकू येऊन बसते त्यांच्यापाशी, मासळी साफ करत करत लक्ष ठेवते. कधी लवकर आली तर उपासनेत पण बसते. परवा मला म्हणते, रोज रोज यवरी उत्तरां कनाला लागतान रं तुमचे देवाला? मी म्हटलं, काकू, देवाला नाही लागत, म्हाताऱ्याला लागतात. ती हसली नाही. चिंबोरीचा रस्सा ठेवून गेली.

मागच्या आठवड्यात त्यांना नदीवर नेलेलं. तोच घाट, जिथे भाऊजींच्या लोकांनी तुला पाण्यात बुडवून दुसरा बाप्तिस्मा दिला. मला वाटलं, हे बघून पप्पांचं डोकं तापेल. तुला तो दिवस आठवत असेलच. तू ओल्या केसांनी घरी आलेलीस आणि पप्पा म्हणाले होते, महिन्याची असताना मी तुला हातात धरून उभा होतो, ते पाणी नळाचं होतं म्हणून चाललं नाही काय? तू म्हणालीस, पप्पा, मी झोपलेले तेव्हा, झोपेत कोणी हो म्हणतं का. ते म्हणाले, म्हणून तर. आपण झोपेत असतो तेव्हाच तो उचलून घेतो, जागे असतो तर आपण कशाला जाऊ. मला तेव्हा ओ की ठो कळलं नाही, मी दाराआड हसत होतो. तुम्ही दोघं मात्र त्या एका वाक्यावर तुटलात. तू बॅग घेऊन ठाण्याला गेलीस आणि इकडे, माझ्या पोरीने माझं पाणी ओतून टाकलं, एवढंच ते कितीतरी दिवस म्हणत राहिले.

तर पप्पा घाटावर बसले, पाण्याकडे बघून म्हणाले, लोंढेंनी गार पाणी घातलं हो, तरी आमची पोरगी जागी झाली नाही. हसले चक्क. म्हणजे बघ, दुसरं पाणी त्यांच्या हिशोबात नाहीच. भांडण नाही, बॅग नाही, ठाणं नाही. तो सगळा वाद आता तुझ्या एकटीच्या डोक्यात चालू आहे. तुला टोमणा मारत नाहीये. तू तिकडे एकटीच भांडत बसलीयस, म्हणून सांगितलं.

आता खरं काय ते लिहितो, माझा नंबर जवळ आलाय, पुढच्या रिक्षा भरल्या. ईस्टरनंतर पप्पांनी नवीन सुरू केलंय. मी आशीर्वाद देतो, ते पहिलं आमेन म्हणतात आणि थांबतात. मान खाली, हात जोडलेले, कान स्वयंपाकघराकडे. दुसरं आमेन बायकांच्या बाजूने यायचं असतं ना. घरच्या प्रार्थनेत मम्मी होती तोवर ती ओट्यापासून उचलायची, तिच्यामागे तू. आधी मी पटकन तिसरं म्हणून टाकायचो आणि ते चालवून घ्यायचे, आता घेत नाहीत. उपासना संपलीच नाही तर उठून जेवायचं कसं, म्हणतात. मी बायकी आवाज काढून बघितला. जगातल्या कोणाचाही आवाज मला जमतो, तुझा तेवढा जमला नाही. पप्पा डोळे न उघडता म्हणाले, सर्वेश, देवळात चेष्टा नको. माझं नाव त्यांनी तेवढ्यापुरतं घेतलं, ताई. शीलामावशी बदलापूरला पोराकडे गेलीय, तिला फोनवर म्हणायला लावलं. ऐकलं आणि म्हणाले, ही शीला, आपली पोरगी कुठंय? परवा तसेच उपाशी उभे राहून राहून खाली पडले. कपाळाला टाके पडलेत. रात्रीच्या गोळीने साखर पार खाली गेलेली.

तू परत देवळात ये असं मी म्हणत नाही. घरी ये असं पण नाही, ते तुझं तू बघ. तुझा दुसरा बाप्तिस्मा, भाऊजी, फेलोशिप, सगळं तुझ्याकडे ठेव, मी शप्पथ त्यावर कधी आवाज काढणार नाही. फक्त माझा ब्लॉक काढ आणि एकदा ते दुसरं आमेन म्हणून, रेकॉर्ड करून पाठव. तेवढंच, एक शब्द. ओट्यापाशी उभी राहून म्हटलंस आणि मागे कुकरची शिट्टी झाली तरी हरकत नाही, आपल्याकडे ती व्हायचीच. मी फोन स्वयंपाकघरात माठावर ठेवेन, बायकांची बाजू आता तीच आहे. तिसरं मी आणि पप्पा म्हणून घेऊ.

तुझाच,
सर्व्या