तीनदा उसवलेली बाही

प्रिय टाचणी,

तुझी कथा मिळाली. आईने ती मोठ्याने वाचून दाखवली, मी काजं करत होतो. त्यातला शिंपी बाप ऐकून चाटच पडलो. कधी रागावत नाही, खोटं बोलत नाही, मुलाखतीला निघालेल्या लेकीच्या कोटाची बाही मनासारखी बसेना म्हणून तीनदा उसवतो! असला बाप आपल्या गल्लीत तरी मी पाहिलेला नाही. पण बाप गोड आहे, कथेत घडत काहीच नाही, असं म्हणून संपादकांनी ती परत पाठवली आणि तू लिहिणंच सोडतेयस, हे ऐकून हातातलं काज अर्धंच राहिलं.

अगं, सरळ कापडाला सरळ कापड जोडलं की पिशवी होते. कोट हवा तर कुठे चूण घ्यावी लागते, खांद्याशी बाहीबरोबर झटापट करावी लागते. तुझ्या कथेत सगळ्यांनाच वाटतं, लेकीने जावं. मग कथा अडणार कुठे, आणि वाचणारा थांबणार कशाला?

आता नीट ऐक. तुझ्या कोटाची ती बाही खरं तर पहिल्याच वेळी झकास बसली होती. पण तू नोकरीला परगावी जाणार, माझ्यासमोरचं स्टूल रिकामं होणार, हे मला नको होतं. तू जेवायला गेलीस की मी बाही उसवायचो आणि तुला सांगायचो, नीट बसली नाही गं. वाटलं, कोट झाला नाही तर राहशील. आणि तू? कच्च्या टाक्यांवरची बाही तशीच घालून तरातरा निघालीस! बाही लोंबतेय, मान ताठ. तुझी ती पाठ बघितली आणि सुईदोरा घेऊन अनवाणी धावलो. बसथांब्यावर तुझ्या अंगावरच बाही शिवली. लोक हसत होते, तू हसत होतीस, शेवटी मीही. मला इतका आनंद झाला होता, की आपण हरलोय हे बस सुटल्यावर लक्षात आलं.

पंधरा वर्षं हे गिळून बसलो. माफी तू आलीस की कान पकडून मागेन. आज लिहिलं, कारण तुझी कथा नेमकी एवढ्याचसाठी अडलीय आणि ते माझ्यापाशी होतं. घाल त्यात सगळं, मला सांभाळून घेऊ नकोस. आई म्हणते, लोक काय म्हणतील. मी म्हणतो, निदान वाचतील तरी. तेव्हा या खेपेला उसवायचं काम तुझं. मी सुई घेऊन मागून येतोच.

तुझाच लबाड,
बाबा