कड्यातल्या घरातलं खापर

ताई,

तुझ्या विल्माला घेऊन कड्यातल्या जुन्या घरांकडे निघालोय. तंबू घेतलाय, रविवारी परतू. तू भाजलेली निळ्या मक्याची पिकी रोटी तिथल्या आपल्या गेलेल्या माणसांसाठी नेतोय.

काल पोरीच्या हातात खापर बघून "होपी जमातीची असून पूर्वजांच्या घरात चोरी?" म्हणून सगळ्यांदेखत तिला झापलं. ते तिला माझ्या हत्यारांच्या पेटीत सापडलं होतं. तिच्याएवढा असताना मीच तिथून उचललेलं. बोलता बोलता ओळखलं, तरी माझं तोंड थांबलं नाही. आणि तिने मामाचं नाव घेतलं नाही.

परत आल्यावर तुझी माफी मागेन. आधी खापर जागेवर ठेवतो. आत शिरण्याआधी पूर्वजांना हाक मात्र विल्माच मारेल. माझ्या हाकेला ते ओ देतील, असं मला वाटत नाही.

एल्मर