मोठ्याने वाचण्यास परवानगी नाही

४ मार्च

चि. खोडरबर हिस काकांचे अ. आ.

तुझं पत्र नाही म्हणजे तू कामात बुडाली असशील, असं काकू म्हणते. मी म्हणतो, लिहून खोडत बसली असशील. टेबलाशी शेजारी बसवून तुला अक्षरं शिकवली तेव्हापासून तुझं हेच.

एक अडचण आहे. पुलांच्या इतिहासाचं ते जाडजूड पुस्तक तुमच्या कंपनीकडून फोनवर वाचायला विकत घेतलं. जन्मभर पूल तपासले, आता त्यांच्याबद्दल वाचावं म्हटलं. हल्ली डोळे लवकर थकतात, म्हणून मी फोनलाच वाचायला सांगतो. बातम्या तो घडाघडा वाचतो, पण हे पुस्तक उघडलं की मिठाची गुळणी धरून बसतो. माझं काय चुकतंय ते कळव. डोळ्यांचं काकूला सांगू नकोस. ती लगेच मला डॉक्टरकडे ओढेल.

लोभ आहेच, आता पत्रही येऊ दे.

काका


११ मार्च

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षरं केवढी मोठी! एका पानावर जेमतेम चार ओळी. मार्कर संपले तर सांगा, खोकंच पाठवते.

फोन एकदा बंद करून चालू करा. तरी नाही जमलं तर आमचं अ‍ॅप काढून पुन्हा घाला. फोन जुना असला की असं होऊ शकतं. इकडे कामाची घाई आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. काकूला नमस्कार.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची खोडरबर


२२ मार्च

चि. खोडरबर हिस अ. आ.

सांगितलंस ते सगळं केलं. शेवटी फोनच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, आजोबा, या वयात टीव्ही बघावा. सगळे हसले, मीही हसलो. मग त्याच्याकडूनच नवा फोन घेतला. तोही गप्प. काकू म्हणते, तुमच्यापुढे कुणाचं काही चालत नाही हे नव्या फोनलाही कळलं.

थट्टा पुरे. माझ्याच डोक्यात आता काही शिरत नाही असं दिसतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तक राहू दे.

जपून राहा, आठवण ठेव.

काका


२६ मार्च

ती. स्व. काकांस शि. सा. न.

हे पत्र मी खोडाखोड न करता लिहिते आहे, नाहीतर ते पाठवायचं धाडसच होणार नाही.

तुमचं काही चुकलेलं नाही, फोनचंही नाही. पुस्तकाला कुलूप आहे आणि ते मी लावलं आहे. पुस्तकांच्या चोरून नकला निघू नयेत, यासाठी आमचा विभाग आहे. कुठलं पुस्तक किती फोनांवर उघडेल, छापता येईल का, फोनने ते मोठ्याने वाचायचं का, याचे नियम मी घालून देते. या पुस्तकाचं ऑडिओबुक पुढच्या वर्षी निघणार आहे. फोनच वाचू लागला तर ते कोण घेईल, म्हणून मोठ्याने वाचणं बंद.

हे मला तुमचं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. माझ्या कामामुळे तुमचं अडलं, हे लिहायची लाज वाटली आणि मी तुम्हाला फोन बंद-चालू करायला लावलं. माझी लाज झाकली, पण दुकानात हसं तुमचं झालं.

आमच्या विभागप्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्यांना दिसत नाही त्यांनी डॉक्टरचा दाखला पाठवला की कुलूप निघतं. तो तुमच्याकडे मागायला जीभ रेटत नाही. पण डोळे नुसते थकत नसावेत, हे तुमच्या अक्षरावरून कळायला हवं होतं. मी त्याचीही थट्टा केली.

रागवा, पण पत्र टाकायचं थांबवू नका.

खोडरबर


४ एप्रिल

चि. खोडरबर हिस अ. आ.

कुलूप लावलंस याचा राग नाही. पुस्तकाला आवाज देणाऱ्यालाही पोट आहे. पण मी स्वतःला वेड्यात काढत होतो आणि तू ते बघत होतीस, हे लागलं. लागलं ते लिहिलं, आता संपलं.

डोळ्यांचं ओळखलंस. डावा गेला, उजव्याचा भरवसा नाही. काकूला सांगितलं. ती आधी रडली, मग भांडली, मग म्हणाली, तुम्ही दारं चाचपत चालता ते मला काय दिसत नव्हतं? डॉक्टरकडे जाईन. पण विकत घेतलेलं पुस्तक ऐकण्यासाठी मी आंधळा असल्याचा दाखला तुमच्या कंपनीला देणार नाही. काकू वाचून दाखवते. कंटाळवाणी पानं ती परस्पर गाळते आणि कुठे पूल पडला असेल तर तेवढं दोनदा वाचते.

तुझी पत्रंही यापुढे तीच वाचणार. तिच्याबद्दल जपून लिही.

काका


१५ एप्रिल

ती. स्व. काका-काकूंस सा. न. वि. वि.

काकू, हे तू वाचत असशील. यातलं काही गाळू नकोस, माझ्याविषयीचं तर मुळीच नाही.

दाखल्याची अट काढा, वाचकाच्या शब्दावर विश्वास ठेवा, असं बाईंना लिहून दिलं. त्या नाही म्हणाल्या. मग मी लावलेली सगळी कुलपं पुन्हा तपासली. बहुतेक पुस्तकांचं ऑडिओबुक निघालेलं नाही, निघणारही नाही. ती बंद ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सरसकट बंद ठेवलं की कुणाला विचारावं लागत नाही, एवढंच. आता एकेका लेखकाला विचारते आहे. एका लेखिकेने कळवलं की तिच्या आईला दिसत नाही, आणि आपलं पुस्तक आईसाठी बंद आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. ते त्याच दिवशी उघडलं.

पुलांच्या पुस्तकाचा लेखक मात्र नाही म्हणाला. काका, किल्ली माझ्याच हातात आहे. तुमच्यापुरतं उघडलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही. दोनदा हात तिथवर गेला. पण घरच्या माणसासाठी गुपचूप उघडलं, तर बाकीच्यांकडे दाखला कुठल्या तोंडाने मागू? म्हणून ते बंदच ठेवलं आहे. हे लिहिताना लाज वाटते, आणि उघडलं असतं तरी वाटलीच असती.

मी अजून तुमचीच आहे, एवढं धरून चाला.

खोडरबर