भिंतीकडचा सेनापती

जळगाव,
सोमवार, डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप झुंबरअक्का,

धुळ्याच्या दिशेला तोंड करून धाकट्या कौतिकचा नमस्कार. (एसटी स्टँडकडे तोंड केलं की धुळं समोर येतं, असं धरून चाललो आहे. चुकून नमस्कार औरंगाबादला गेला असेल तर पुन्हा करतो.)

पाहुणे मंजुळाला बघायला आले, त्या कार्यक्रमाला काय लागलं असं तुम्ही विचारलंत. भरताची वांगी पुष्पाबाईंच्या माहेरून, फैजपूरहून आली. कळण्याच्या भाकरीचं पीठ घरचं, शेंगदाणे घरचे, केळी तर आपल्याकडे कोणी मोजतही नाही. म्हणजे खरा खर्च झाला तो एवढा: पुष्पाबाईंची लोणच्याची एक काचेची बरणी, माझ्या दुकानाच्या भिंतीचा तळहाताएवढा गिलावा, आणि माझा उजवा कान, जो आज सकाळपर्यंत भिंतीसारखा गार लागत होता. तेवढ्यात काम झालं, अक्का. होकार आला. आता पुढचं निवांत वाचा.

तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या खोकल्याबद्दल विचारत नाही, कारण परवा एसटीडीवर तुम्ही बोलत होतात तेव्हा तो मागून मला ऐकू आला. तो थंडीचा खोकला नव्हे, बिडीचा आहे. त्यांनी सोडली म्हणून सांगितलं असेल तर सांगू द्या, पण एकदा कोट तपासा. माझ्या कानांचं तुम्हाला ठाऊकच आहे. पाण्यातली मोटार विहिरीत असताना मी वर उभा राहून सांगतो की बेअरिंग गेली की वाइंडिंग. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला; सगळं यावल-रावेर ह्याच दोन कानांवर पाणी देतं. बाराखडीपुरती शाळा शिकून दुकान उभं केलं ते ह्यांच्याच जोरावर, आणि ह्या कानांनी दिलेला निकाल आजवर फिरलेला नाही.

तर मूळ गोष्ट. तुम्ही पत्रात लिहिलं होतं, मुलगा चांगला आहे, दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनियर आहे, पण त्याच्या वारलेल्या बापाचं ताट भिरकावणं अख्ख्या बोदवडला माहीत होतं. ‘पोरगा कसा उतरला, खरं काय शे ते तूच पाही ले.’ ते वाक्य माझ्या डोक्यात मोटारीत खडा अडकावा तसं अडकलं. बघण्याच्या कार्यक्रमात कोण ताट भिरकावतो हो? तिथे सगळेच गुळासारखे बोलतात. मी स्वतः पुष्पाबाईंना बघायला गेलो तेव्हा इतका हळू बोललो होतो की त्यांच्या वडिलांनी मला आजारी धरलं. एकुलती एक मुलगी, तुमच्या शब्दावर द्यायची, आणि राग ओळखायची सोय काही नाही. मला दुसरी कसली काळजी नव्हती.

आणि वर तुम्ही त्यांना सांगून ठेवलेलं, की मुलीचे वडील कॉम्प्युटरच्या लढायांवर छापून लिहितात! आता ह्यातलं खरं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्हाला वाटतं तसं ते नाही.

माझ्या दुकानाला लागून अभयकुमारचा कॉम्प्युटर क्लास आहे. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. ह्याने ते सोडून पडदे लावले, एसी लावला आणि यंत्रं आणली. मधली भिंत एकेरी विटेची. मला तिथे आत येऊ देत नाहीत. पायाला वार्निश, अंगावर तांब्याचा कीस, आणि खिशात कायम लोहचुंबक. (‘कौतिकभाऊ, तुमच्या त्या चुंबकानं माझ्या सगळ्या फ्लॉप्या पुसल्या जातील, हात जोडतो, बाहेरच चहा घ्या.’) तर मी बाहेरच चहा घेतो. एकदा चहा घेताना मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे पोरं जो रणगाड्यांचा खेळ खेळतात ना, त्यातल्या रणगाड्याचा एक फेज गेलेला आहे, चढावर घुरघुरतो. अभयकुमार हसून लोळायचा बाकी राहिला. तो गिऱ्हाइकांसाठी महिन्याला चार पानांचा अंक काढतो. म्हणाला, हेच लिहून द्या, मला खेळांच्या फ्लॉप्या विकायच्या आहेत.

अशा रीतीने मी, कौतिक उखर्डू चौधरी, ‘रणधुरंधर’ ह्या नावाने युद्धाच्या खेळांचा परीक्षक झालो. कॉम्प्युटरला हात न लावता. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं, स्क्रूड्रायव्हर भिंतीला लावायचा, मूठ कानाला, की पलीकडचं सगळं रणांगण आपलं. दोन पैलवान एकमेकांना लाथा मारतात त्या खेळाबद्दल मी लिहिलं, की मार ओल्या फडक्याने डबा बडवल्यासारखा वाजतो, समोरच्याला लागत नसावं, दीड एचपी. (मी गुण हॉर्सपॉवरमध्ये देतो. पोरं आता अभयकुमारकडे येऊन ‘पाचच्या वरचा दाखवा’ म्हणतात.) दुसरा एक आहे डावपेचांचा, त्यात पाऊण वेळ नुसती लाकूडतोड ऐकू येते. आधी घर, मग गोदाम, मग सैन्य, मग भांडण. आपल्या माणसांना हे लगेच पटतं, साडेसात एचपी दिली. लढाई संपली की त्यात दोनपैकी एक सूर वाजतो. एक मिरवणुकीतल्या बँडसारखा कर्कश, दुसरा संथ, सनईच्या वळणाचा. आपल्याकडे कार्य पार पडलं की सनईच असते, तेव्हा जिंकल्याचा सूर कोणता, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

ह्या खेळात मला एक सेनापती सापडला. भिंतीला लागून असलेल्या यंत्रावर रोज संध्याकाळी कोणीतरी बसायचं. बाकीची पोरं कळफलक असा बडवतात की त्यांच्या घरी खलबत्ता नसावा. हा गडी नाही. एकसारखा, हलका हात, चांगल्या वंगणाच्या बेअरिंगसारखा. आणि दरवेळी शेवटी सनई. दरवेळी! मी अंकात लिहिलं: ‘भिंतीकडचा सेनापती आजवर एकही लढाई हरलेला नाही. डावपेच शिकायचे तर खान्देशातल्या तरुणांनी ह्याच्याकडून शिकावेत.’ त्या अंकावर भुसावळपासून धुळ्यापर्यंतच्या पोरांची पत्रं आली. घरी जेवताना मी म्हणालो, असा थंड डोक्याचा पोरगा मिळाला तर मंजुळा डोळे मिटून देऊन टाकीन. मंजुळाने माझ्या ताटात एक पुरी जास्त वाढली. (ती त्याच क्लासात हिशेबाचं शिकते. ती पुढच्या ओळीत बसत असेल असं मी धरून चाललो होतो.)

काल पाहुणे आले. मुलगा पितांबर, आणि त्याची आई प्रमिलाबाई. भरीत झालं, केळी झाली. पितांबरने मंजुळाला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘रणधुरंधर तुम्हीच ना? वीज केंद्रात आम्ही तुमचं मोठ्याने वाचतो. काका, त्या डावपेचांच्या खेळातला पूल कसा राखायचा हो? माझा दर वेळी पडतो.’

मी म्हटलं, ‘पूल राखायच्या भानगडीत माणसाने पडूच नये.’ हे उत्तर कुठेही चालतं म्हणून बरं. पण गडी खूश झाला. म्हणाला, क्लास इथेच ना, दोन यंत्रं तारेने जोडून एक डाव होऊन जाऊ द्या, तुम्ही आणि मी.

अक्का, माझी अवस्था विहिरीत पाणी नसताना मोटार चालू राहावी तशी. पुष्पाबाई भाजलेल्या वांग्यासारख्या काळ्या पडल्या. रविवार असूनही अभयकुमार चावी घेऊन हजर, कारण मुलगा इंजिनियर म्हणजे गिऱ्हाईक. सगळ्यांनी दारात चपला काढल्या, आणि मला तिथे देव आठवला. म्हणजे खिसा आठवला. मी म्हटलं, ‘अरेरे, लोहचुंबक! मला आत येता यायचं नाही.’

‘बाहेर काढून ठेवा की,’ प्रमिलाबाई म्हणाल्या.

‘बाई, दुकान काढल्यापासून खिशात आहे. आता अंगात भिनलाय.’

पितांबर इंजिनियर आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तोंडाची सुरकुतीही न हलवता म्हणाला, ‘हो, असं होतं कधीकधी.’ मी घाईघाईने सांगितलं, माझ्या जागी मंजुळा बसेल, तिला थोडंफार येत असेल. सेनापतीने लांबून पाहायचं असतं. आणि दुकानात सटकलो.

स्क्रूड्रायव्हर भिंतीला लावला. शेजारी पुष्पाबाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी घरून येताना बरणी आणली होती, तिचं तोंड भिंतीला आणि बूड कानाला. असे आम्ही दोघं भिंतीला चिकटलेलो, आणि पलीकडे डाव सुरू झाला. पहिल्या दोन-चार कळा वाजल्या आणि माझ्या हातून मूठ सुटायची राहिली. भिंतीकडचा हात! तोच हलका, एकसारखा हात! अहो, सेनापती म्हणजे आपली मंजुळा! मी पुष्पाबाईंकडे पाहिलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मला माहीत होतं. तुम्हाला कोणी सांगायचं? तुम्ही बोलत होतात.’

पण हे कौतुक करायला वेळ नव्हता. मी पलीकडचा, पितांबरचा हात ऐकायला लागलो, कारण मला तोच ऐकायचा होता. ताट भिरकावणारा माणूस ताट हातात नसलं तरी लपत नाही. हरायला लागला की कळा बडवणार, खुर्ची मागे सरकवणार, निदान फुसकारणार. मी टोक इतकं दाबलं की गिलावा सुटला. लाकूडतोड झाली, सैन्य निघालं, तोफा सुटल्या, पूल पडला. आणि सनई वाजली, मंजुळाच्या बाजूने, स्वच्छ! पितांबरच्या यंत्रावर तो कर्कश बँड. पुष्पाबाईंच्या हातून बरणी सुटली.

आणि पितांबरचा हात? तसाच होता, अक्का. सुरुवातीला होता तसा शेवटी. खुर्ची नाही, फुसकारणं नाही. उलट हसण्याचा आवाज, आणि मग त्याचं वाक्य: ‘मघाशी नदीकडून आलात ते भारी होतं. पुन्हा दाखवता का?’

मी काचा ओलांडून, चुंबकासकट, सरळ आत गेलो. (अभयकुमार आडवा आला, त्याला बाजूला केलं.) मंजुळाच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, शाबास, घराण्याचं नाव राखलंस! तिने पदराने तोंड दाबलं. पितांबर उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘खरंच चांगल्या खेळल्या, काका.’ मी प्रमिलाबाईंना म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, खेळच आहे. त्या आपल्या मुलाकडे पाहून हसल्या, मग मंजुळाकडे पाहून म्हणाल्या, ‘वाईट कशाचं वाटायचं? खेळताना माणूस कळतो. आमच्या घरात खूप ताटं आपटून झाली. मला पोरगी पसंत आहे.’

रात्री मी पोटभर झोपलो. जोडा जुळवलात तुम्ही, पण तपासला ह्या कानांनी, एवढं मात्र भाऊजींना वाचून दाखवा.

पुष्पाबाईंचा व मंजुळाचा नमस्कार. तुमचा धाकटा,

कौतिक

ता. क. खरं पत्र लिहिण्याचं कारण हे. साखरपुडा धुळ्याला तुमच्याच घरी ठरतो आहे, आणि पितांबर आपलं यंत्र टेंपोत घालून तिथे आणणार आहे, सासऱ्याशी एक डाव खेळायला. धुळ्यात मला दारात अडवायला अभयकुमार नाही. तेव्हा हात जोडून विनंती, की जेवणं आटोपली की तुम्ही चक्कर येऊन पडावं. फार नको, मला तुमच्याजवळ बसून राहावं लागेल इतपत. भाऊजींना आधी सांगू नका, ते खरोखर घाबरतील ते दिसायला बरं.

आणखी ता. क. पाकीट तसंच राहिलं होतं, आज बुधवार. तुम्हाला वेळेवर चक्कर आली नाही तर, म्हणून मी चुंबक घरी ठेवून, पाय धुऊन क्लासात गेलो आणि मंजुळाला म्हटलं, मला शिकव. मी पहिल्यांदाच त्या पडद्याकडे तोंड करून बसलो होतो. तिने खेळून दाखवलं. थोड्या वेळाने तिचा पूल पडला, सगळे शिपाई आडवे झाले, घराला आग लागली, आणि सनई वाजली.

मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, आबा, ही हरल्यावरच वाजते. जिंकल्यावर तो बँड.

तर अक्का, रविवारी पितांबर जिंकला होता. आणि भिंतीकडचा सेनापती आजवर एकही लढाई जिंकलेला नाही.