एकतिसाव्या दिवसाची पुस्तिका

अप्पा,

इडियप्पम फ्रीजमध्ये आहे, गरम करून खा. मी एकतिसाव्याच्या विधीसाठी हॉलवर पुढे गेले. तुषांतनच्या स्मरणपुस्तिका छापून आल्या. तीनशेच्या तीनशे प्रती पेरियम्मा मावशी सकाळीच घेऊन गेली. एव्हाना टोरांटोतल्या सगळ्या जाफनावाल्या तमिळांच्या हातात पडल्या असतील.

प्रुफं तपासायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. ‘अचानक हृदयविकार’ काढून मी ‘तीन वर्षांचं नैराश्य, उपचारांविना’ असं घातलं. नावामागचं ‘डॉक्टर’ही खोडलं, कॉलेज त्याने दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. मधल्या पानावर तुमचं वाक्य आहे, तुमच्या नावासकट: “डिप्रेशन गोऱ्यांना होतं. तू गपचूप अभ्यासाला बस.”

एकही चूक राहता कामा नये, असं तुम्ही बजावलं होतं. राहिलेली नाही.

तुमचं उरलेलं मूल,
अभिरामी